सिगारेट ओढत नसाल, तर व्हेप हातात घेण्याआधी

मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने विचारलं, "मावशी, मी सिगारेट ओढत नाही आणि ओढणारही नाही. पण नुसतं व्हेप घेतलं तर काय बिघडतं? त्यात धूरसुद्धा नसतो."

व्हेप म्हणजे ई-सिगारेट. भाचा १९ वर्षांचा आहे. त्याने मलाच का विचारलं, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. मी आयुष्यात एकही सिगारेट ओढलेली नाही, आणि तरीही १४ महिने निकोटीनच्या तावडीत होते. त्या संध्याकाळी मी त्याला जे सांगितलं, आणि नंतर आठवलं म्हणून फोन करून पुन्हा सांगितलं, ते सगळं इथे लिहून काढते आहे. उत्तर आधीच देते: घेऊ नका. पण नुसतं 'घेऊ नका' ऐकून कोणी थांबत नाही, मीही थांबले नसते. म्हणून हा निर्णय स्वतःशी कसा पडताळायचा, ऐनवेळी नकार कसा द्यायचा, आणि सुरुवात झालीच असेल तर बाहेर कसं पडायचं, हे सांगते.

आधी एक कागद घ्या

व्हेपबद्दल पहिलं वाक्य कानावर पडतं ते 'सिगारेटपेक्षा कमी घातक' हे. हे वाक्य खोटं नाही. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो आणि त्या जळण्यातूनच डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतं. व्हेपमध्ये काही जळत नाही. आत एक बॅटरी, एक कॉइल, कॉइलला लागून कापूस आणि कापसात मुरलेलं लिक्विड असतं. कॉइल तापली की लिक्विडचा बारीक फवारा होतो आणि तो आपण छातीत ओढतो. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज मांडला. तो आकडा जगभर फिरला, आणि फिरता फिरता त्यातला 'सिगारेटपेक्षा' हा शब्दच गळून पडला.

मी पुस्तकांचं मुद्रितशोधन करते. गळलेला शब्द शोधणं हेच माझं काम, आणि नेमका हाच शब्द माझ्या नजरेतून सुटला.

म्हणून कागदावर दोन रकाने करा. डावीकडे 'मला काय मिळेल', उजवीकडे 'मला काय द्यावं लागेल'. दिवसाला २० सिगारेटी ओढणाऱ्या माणसाने व्हेपकडे वळायचं ठरवलं, तर त्याचा डावा रकाना भरतो. डांबर गेलं, कार्बन मोनॉक्साइड गेला, कर्करोगाची भीती कमी झाली. आज आपण पाहतो त्या प्रकारचं यंत्र २००३ मध्ये होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने बनवलं. तो स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेला होता, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. ते यंत्र ज्याच्यासाठी होतं, तो माणूस हा असा होता.

आता तुमचा डावा रकाना भरून बघा. मी माझा प्रामाणिकपणे भरला असता तर त्यात तीन गोष्टी आल्या असत्या: पुदिन्याचा थंडगार फ्लेवर, मध्यंतरात बाहेर उभं राहायला सोबत, आणि रात्री जागताना हाताला चाळा. बस. तुमची तुलना सिगारेटशी नाहीच. तुमची तुलना आत्ता या क्षणी तुम्ही घेताय त्या साध्या हवेशी आहे. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी हेही हेच सांगत आले आहेत की सिगारेट ओढत असाल तर व्हेप त्यापेक्षा बरं, पण ओढत नसाल तर व्हेप घेऊच नका. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही एकत्रच वाचायची असतात.

उजवा रकाना भरायला मात्र निकोटीन काय करतं ते कळायला हवं.

निकोटीन देतं आधी, घेतं नंतर

छातीत ओढलेलं निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. मेंदूतल्या पेशींवर रसायनं येऊन बसायच्या जागा असतात, त्यांना ग्राहक (रिसेप्टर) म्हणतात. ते मुळात शरीरानेच बनवलेल्या ॲसिटिलकोलीन या रसायनासाठी असतात, पण निकोटीन त्यांच्यावर जाऊन बसतं. त्यातून डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं आणि मेंदू नोंद करून ठेवतो: हे पुन्हा कर. ओढणं आणि बक्षीस मिळणं यांत इतकं कमी अंतर असलं की सवय फार पक्की बसते. वारंवार निकोटीन मिळायला लागलं की मेंदूतल्या या ग्राहकांची संख्या वाढते. मग ते रिकामे राहिले की ओरडायला लागतात. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे हे ओरडणं दिवसातून बऱ्याचदा होतं. त्यालाच आपण तलफ म्हणतो.

हे पुस्तकातलं झालं. माझ्या टेबलावर ते कसं दिसत होतं ते सांगते, कारण मला ते व्यसन म्हणून दिसलंच नव्हतं. मला वाटायचं की व्हेपमुळे माझं लक्ष लागतं.

सुरुवातीला खरंच तसं वाटायचं. रात्री उशिरा प्रुफं तपासताना दोन पफ घेतले की डोळे उघडायचे. सहा महिन्यांनंतरची गोष्ट अशी की बाराव्या-तेराव्या पानाला अक्षरं नुसतीच डोळ्यांसमोरून सरकायची. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे बघायला मी त्याच ओळीवर तीनदा यायचे. मग पफ घ्यायचे आणि ओळ पुन्हा स्वच्छ दिसायची. मी मनात म्हणायचे, बघ, याच्याशिवाय जमत नाही. पण व्हेप येण्याआधी मी एका बैठकीत ४० पानं वाचत होते, अधेमधे न उठता. तेव्हा कुणी मला लक्ष दिलं नव्हतं, ते माझं होतं. निकोटीन ते काढून घेत होतं आणि दर तासाला थोडं थोडं परत देत होतं, आणि मी त्याचे उपकार मानत होते.

हे एक कळलं तर बाकीचं नाही कळलं तरी चालेल. 'व्हेपने मला बरं वाटतं' असं कुणी म्हणालं की विचारा, व्हेप घेण्याआधी तुला वाईट कधीपासून वाटायला लागलं?

माझा भाचा यावर म्हणाला, "पण मी रोज घेणारच नाही ना." मीही रोज घेणार नव्हते. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की तंबाखू वापरायला सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी त्याच्या व्यसनात अडकतात. दारूच्या बाबतीत हाच आकडा सुमारे २३ टक्के होता. तो अभ्यास व्हेपचा नव्हता, तंबाखूचा होता, पण पकडणारा पदार्थ तोच आहे. आणि मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे १९ व्या वर्षी ही पकड अधिक घट्ट बसते. मी सुरुवात केली तेव्हा ३४ वर्षांची होते, तरी सुटायला इतकं जड गेलं.

लेबल कसं वाचायचं

कुणी तुमच्यापुढे व्हेप धरलं आणि 'अगदी लाइट आहे' म्हटलं, तर त्याच्यावरचे दोन आकडे बघा: निकोटीनची टक्केवारी आणि लिक्विड किती मिलिलिटर. टक्केवारीला दहाने गुणलं की एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम निकोटीन आहे ते मिळतं. २ टक्के म्हणजे २० मिलिग्रॅम, ५ टक्के म्हणजे ५०. त्याला लिक्विडच्या मापाने गुणा. २ टक्क्यांचं २ मिलिलिटरचं पॉड, म्हणजे लिक्विडची छोटी डबी, असेल तर ४० मिलिग्रॅम. आणि ५ टक्क्यांचं १२ मिलिलिटरचं डिस्पोजेबल, म्हणजे संपलं की फेकायचं व्हेप, असेल तर ६००.

एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जातं. व्हेपमधलं सगळंच निकोटीन रक्तात जात नाही, त्यामुळे ६०० भागिले दीड असा सरळ हिशोब करू नका. पण तळहातावर मावणाऱ्या त्या रंगीत कांडीत केवढा साठा आहे याचा अंदाज येतो. युरोपीय संघाने २०१४ च्या कायद्याने एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अमेरिकेत २०१५ मध्ये आलेलं जूल नावाचं व्हेप मात्र ५ टक्क्यांचं होतं. ज्या देशांत विक्रीवर बंदी आहे आणि माल चोरवाटेने येतो, तिथे लेबलवरचा आकडा कुणी तपासलेलाच नसतो. 'शून्य निकोटीन' लिहिलेल्या काही लिक्विडमध्येही चाचणीत निकोटीन सापडलेलं आहे, म्हणून त्या शब्दावर विसंबू नका.

आणखी एक शब्द बघा: सॉल्ट, किंवा 'निक सॉल्ट'. साधं निकोटीन जास्त प्रमाणात ओढलं तर घसा जळतो आणि ठसका लागतो. तो ठसका हा शरीराचा पहारेकरी आहे. निकोटीनमध्ये बेंझोइक ॲसिडसारखं आम्ल मिसळून त्याचा क्षार केला की घशाला ते मऊ लागतं आणि मोठी मात्रा न खोकता आत जाते. कधीच सिगारेट न ओढलेल्या माझ्यासारखीला पहिल्याच दिवशी ठसका का लागला नाही, याचं उत्तर मला वर्षभराने मिळालं. लागला असता तर मी तिथेच थांबले असते.

सिगारेट संपते. विझवावी लागते, कपड्यांना वास येतो, बाहेर जावं लागतं. व्हेपला असा शेवटच नाही. एक पफ घेऊन खिशात ठेवता येतं आणि दोन मिनिटांनी पुन्हा काढता येतं. यामुळे आपण किती घेतो ते आपल्यालाच कळत नाही.

बाकी काय आत जातं, ते थोडक्यात सांगते, कारण माझ्या मते न ओढणाऱ्यासाठी व्यसन हाच मुख्य मुद्दा आहे. लिक्विडमधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापलं की त्यातून फॉर्मॅल्डिहाइड आणि ॲक्रोलीनसारखी रसायनं तयार होऊ शकतात. तापणाऱ्या कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश फवाऱ्यात येऊ शकतात. निकोटीनने नाडी आणि रक्तदाब वाढतो. फ्लेवरची रसायनं वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर काय होतं हे कळायला पुरेशी वर्षं अजून लोटलेलीच नाहीत. भीती मात्र जे खरं आहे त्याचीच घाला. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना एकतर रुग्णालयात दाखल करावं लागलं किंवा त्यांचा मृत्यू झाला. मृतांची संख्या ६८ होती. पण तपासात मुख्य दोषी निघालं ते ई जीवनसत्त्वाचं ॲसिटेट, आणि ते प्रामुख्याने टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या, बेकायदा कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं होतं. मुलांना ही बातमी अर्धवट सांगून घाबरवलं तर ती स्वतः शोधून काढतात आणि मग आपलं खरं बोलणंही ऐकत नाहीत.

नकार देण्याची तयारी घरी करा

नकार तोंडावर सुचत नाही. मला पहिल्यांदा विचारलं ते कामाच्या ठिकाणी, रात्री साडेअकराला. सगळे दमलेले होते. माझी सहकारी अगदी प्रेमाने म्हणाली, "अगं, वाफ आहे नुसती, घेऊन बघ." मी म्हटलं, "मला येत नाही." ही माझी चूक. 'येत नाही' म्हटलं की समोरचा शिकवतो.

वाक्य असं असावं की त्यावर पुढे बोलणंच होऊ नये: "नको, मला हे सुरूच करायचं नाहीये." कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर वाद होतो, आणि रात्री साडेअकराला वादात आपण हरतो. नुसतं बघायला म्हणूनही हातात घेऊ नका. हातात आलेली वस्तू ओठांपर्यंत जायला वेळ लागत नाही. वाक्य आरशासमोर मोठ्याने दोन-चारदा म्हणा. भाच्याकडून मी ते म्हणवून घेतलं. पहिल्यांदा तो लाजला, तिसऱ्यांदा आवाज ठीक लागला.

सगळे मध्यंतरात बाहेर जात असतील तर तुम्हीही जा, एकटे पडू नका. फक्त हातात काहीतरी असू द्या, पाण्याची बाटली किंवा कप. मोकळा हात बघूनच लोक पुढे करतात. आणि 'फक्त वीकेंडला' असा करार स्वतःशी करू नका. माझा करार 'फक्त रात्रपाळीला' असा होता. तो तीन आठवडे टिकला.

फ्लेवरचं कुतूहल असेल तर ते मान्य करा. वास छानच असतो, तो छान असावा म्हणूनच तसा बनवलेला असतो.

घेतलंच असेल, तर स्वतःला तपासा

बहुतेक लोक इथेच स्वतःची समजूत घालतात, म्हणून इथे जरा थांबते.

जोसेफ डिफ्रान्झा या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सिगारेटच्या व्यसनाबद्दल दहा प्रश्नांची एक यादी मांडली. तिच्यामागची कल्पना मला फार पटली. व्यसन म्हणजे दिवसाला अमुक इतकं नव्हे, तर आपल्या मर्जीने थांबता न येणं. दहांपैकी एका प्रश्नाला जरी 'हो' आलं, तरी मोकळीक जायला सुरुवात झाली असं समजायचं. त्यांना असंही आढळलं होतं की काही मुलांमध्ये ही लक्षणं रोज ओढायला लागण्याच्या आधीच, काही आठवड्यांतच दिसतात. म्हणजे 'मी रोज कुठे घेतो' हा बचाव तिथेच संपतो.

मी माझ्या भाषेत विचारते. सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिला पफ घेता? अर्ध्या तासाच्या आत असेल तर पकड पक्की आहे. बाहेर पडताना चार्ज किती आहे ते बघता का? सिनेमा किंवा लांबची बैठक म्हटलं की पोटात कालवतं का? कमी करायचं ठरवून फसलात का? घरच्यांपासून लपवता का?

माझं उत्तर मला एका रात्री मिळालं. पहाटे तीनच्या सुमाराला जाग आली तेव्हा माझा उजवा हात उशीखाली काहीतरी चाचपत होता. मी झोपेतच होते, हात जागा होता. व्हेप सापडलं, पफ घेतला, टोकाचा निळा दिवा लागून विझला, आणि त्या उजेडात भिंतीवर माझ्याच हाताची सावली दिसली. मी तेव्हाही पुन्हा झोपले. पण सकाळी उठल्यावर एका जुन्या प्रुफाची पाठकोरी बाजू समोर घेतली आणि ठरवलं की आज प्रत्येक पफला पेन्सिलीने एक रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. माझा अंदाज चाळिसाचा होता. रात्री मोजल्या तेव्हा २१२ भरल्या.

ही रेघांची तपासणी कुणीही करू शकतं. मोबाइलमध्ये करू नका, कागदावरच करा. कागद भरत जातो तो डोळ्यांना दिसतो.

दुसरी तपासणी अशी: व्हेप ४८ तास दुसऱ्या कुणाकडे द्या. काहीच झालं नाही, तर उत्तम, परत घेऊ नका. आणि चिडचिड झाली, झोप उडाली, एका जागी बसवेना, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

एक प्रसंग सांगायला मला अजून जड जातं. प्रवासात माझी बॅटरी संपली होती आणि गाडीला तीन तास उशीर होता. शेजारच्या बाकावरच्या माणसाने सिगारेट पेटवली. लहानपणापासून तो वास आला की मी उठून जायचे. त्या दिवशी मी त्या धुराच्या दिशेने सरकून बसले. एक मागावी असं ओठांवर आलं होतं. मागितली नाही, तेवढ्यात गाडी आली म्हणून. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ च्या अहवालात म्हटलंच आहे की व्हेप घेणाऱ्या तरुणांमध्ये पुढे सिगारेट ओढून बघण्याचा धोका वाढतो. 'मी सिगारेट ओढणारच नाही' हे माझा भाचा आज मनापासून म्हणतो. मीही मनापासूनच म्हणत होते.

सोडायचं कसं

मी दोन टप्प्यांत सोडलं. पहिले तीन आठवडे जागा आणि वेळा कमी केल्या. आधी झोपायच्या खोलीतून बाहेर काढलं आणि रात्री चार्जिंगला स्वयंपाकघरात लावलं. मग सकाळचा पहिला पफ दर तीन दिवसांनी अर्धा तास पुढे ढकलला. लिक्विडची ताकदही उतरवली, पण यात एक धोका आहे: ताकद कमी केली की नकळत आपण जास्त वेळा आणि जास्त खोल ओढतो. म्हणून रेघा मारणं चालू ठेवा. रेघा वाढल्या तर ताकद उतरवून काही उपयोग झाला नाही.

नंतर एक तारीख ठरवली आणि थांबले. तारीख अशी निवडा की पुढचे चार दिवस महत्त्वाचं काम नसेल. त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वाढतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तिसऱ्या दिवशी मी बहिणीला फोनवर विनाकारण इतकं बोलले की तिने फोन ठेवला. तिला आधी सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही घरच्यांना आधीच सांगून ठेवा. भूक वाढेल, झोप मोडेल, उदास वाटेल, आणि वाचलेलं डोक्यात शिरणार नाही. हे सगळं निकोटीन उतरत असल्याचं लक्षण आहे, तुमच्या स्वभावाचं नाही.

तलफ आली की ती कायम राहणार असं वाटतं. प्रत्यक्षात एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढी मिनिटं भरायला हातांना काम हवं. मी पेन्सिली तासायचे. सहा पेन्सिली नीट, टोक न मोडता, साध्या शार्पनरने तासायला मला चार मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात माझ्या घरातल्या सगळ्या पेन्सिली बोटभर उरल्या. तुमच्या हाताला जे येत असेल ते करा, पण ते आधीच ठरवून आणि समोर काढून ठेवा. लाट आल्यावर शोधायला बसलात तर हात व्हेपच शोधेल.

एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांकडे जा, आणि 'मी सिगारेट ओढत नाही, व्हेप घेते' असं स्पष्ट सांगा. निकोटीनचे पॅच आणि गम व्यसन लागलेल्यांसाठी उपयोगी पडतात. व्हॅरेनिक्लिन नावाचं औषधही आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६ ते २५ वर्षांच्या व्हेप घेणाऱ्यांना ते दिलं, तेव्हा उपचाराच्या शेवटच्या चार आठवड्यांत निम्मे जण व्हेपपासून दूर होते. खोटी गोळी दिलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सल्ला, मग बाकी सगळं. एक गोष्ट मात्र करू नका: व्हेप सुटत नाही म्हणून 'तात्पुरती' सिगारेट.

मध्येच एखादा पफ घेतला गेला तर सगळं वाया गेलं असं समजून उरलेलं पॉड संपवत बसू नका. मी नवव्या दिवशी घसरले. रेघ मारली, तारीख लिहिली, आणि तिथून पुढे मोजायला लागले.

सिगारेट सोडण्यासाठी व्हेप घेणाऱ्यांचं काय होतं तेही माहीत असावं. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हेपच्या गटातल्या १८ टक्के लोकांची सिगारेट वर्षभरानंतरही सुटलेली होती, तर पॅच-गमच्या गटात ९.९ टक्के लोकांची. व्हेपने दुपटीच्या आसपास काम केलं, ही त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे. पण व्हेपच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप घेत होते. जे सुटायला म्हणून आले होते त्यांचीही ही गत, आणि आपण तर नुसता फ्लेवर बघायला जातो.

तरीही हे कमी होतं, आणि मोठ्या प्रमाणावर कमी होतं. अमेरिकेत २०१९ मध्ये माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतली २७.५ टक्के मुलं व्हेप घेत होती. २०२४ मध्ये ते प्रमाण ७.८ टक्क्यांवर आलं.

यंत्राची विल्हेवाट

सोडल्यावर व्हेप 'अडीअडचणीला' म्हणून ठेवू नका. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. आत लिथियमची बॅटरी असते, ती दबली तर पेट घेऊ शकते. ई-कचरा गोळा करतात तिथे द्या. उरलेलं लिक्विड लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं बघा. गोड वासाची ती छोटी बाटली मुलाने तोंडाला लावली तर जिवावर बेतू शकतं, आणि त्वचेवर सांडलं तरी ते अंगात भिनतं. सांडलं तर लगेच साबणाने धुवा.

मी माझं व्हेप अकरा दिवस टेबलाच्या खणात ठेवलं होतं, चार्ज करून. बाराव्या दिवशी ते ई-कचऱ्याच्या पेटीत टाकलं. त्या पेटीत वरून हात घालून वस्तू परत काढता येत नाही ना, एवढीच चौकशी मी आधी करून ठेवली होती.